अरब दुल्हा आणि हिंदुस्थानी सेहरा

आपल्या शादीब्याहातल्या रस्मांवर दोन बाजूंनी बोट ठेवले जाते. बाहेरचा माणूस म्हणतो, तुमचे सारे काही अरबस्तानातून आलेले. इथल्या मातीशी तुमचे नाते काय? घरातला नुकताच चाळीस दिवस लावून आलेला तरुण म्हणतो, हा सेहरा, ही हळद, ही मेंदी, हे दार अडवणे, हे सगळे हिंदूंकडून उचललेले. खऱ्या मुसलमानाच्या लग्नात याला जागा नाही. दोघांची भाषणे एकमेकांविरुद्ध वाटतात. पण दोघांचे गृहीत एकच आहे. आपले जे 'खरे' ते दूर कुठेतरी अरबस्तानात आहे आणि इथे जे आहे ते उपरे आहे, असे दोघेही मानतात.

या वादात आम्हांला एक साक्षीदार बोलवावासा वाटतो. तो हिंदुस्थानी नाही, त्यामुळे त्याला इथल्या कुठल्या बाजूची ओढ नाही. तो अरबी बोलणारा आहे आणि शरीअतचा जाणकार आहे. दिल्लीच्या एका शाही लग्नात तो प्रत्यक्ष हजर होता, तेही नवऱ्या मुलाकडून. त्याचे नाव इब्न बतूता. मोरोक्कोतील तंजा शहरचा हा प्रवासी सप्टेंबर १३३३ मध्ये सिंधू नदीपर्यंत पोचला आणि १३४२ पर्यंत सुलतान मुहम्मद बिन तुघलकाच्या पदरी राहिला. दिल्लीत त्याने मालिकी काझीचे पद भूषविले. मायदेशी परतल्यावर १३५५ च्या सुमारास फेज शहरात त्याने आपला प्रवास सांगून लिहवून घेतला. तो ग्रंथ 'रिहला' या नावाने प्रसिद्ध आहे.

बीडच्या वाचकाला हा सुलतान अपरिचित नाही. दौलताबादची राजधानी आणि तांब्याची नाणी एवढ्यावर शाळेतला धडा संपतो आणि मुले त्याला 'वेडा महंमद' म्हणून लक्षात ठेवतात. पण आपल्या जिल्ह्यात त्याची याहून घरगुती खूण आहे. दक्षिणेच्या स्वारीवरून परतताना बीडच्या मुक्कामी त्याचा एक दात पडला आणि तो त्याने इतमामाने दफन करून त्यावर कबर बांधली, असे फरिश्ता या इतिहासकाराने नोंदविले आहे. बीडजवळ कर्जनीच्या शिवारात ती दाताची कबर दाखवतात. शहराचे 'बीर' हे नाव त्यानेच इथल्या विहिरींवरून ठेवले, अशीही लोकांची समजूत आहे. ज्याचा दात आपल्या मातीत आहे असे आपण मानतो, त्याच सुलतानाच्या बहिणीच्या लग्नाची ही हकीकत आहे.

सुलतानाला परदेशी माणसांचे फार कौतुक. परदेशी माणसाला 'गरीब' म्हणू नये, असा त्याचा हुकूम होता. अरबीत 'गरीब' म्हणजे परका, घरापासून तुटलेला. असे म्हटल्याने त्या माणसाचे मन दुखावते, म्हणून त्याला 'अजीज' म्हणावे, असे सुलतानाचे सांगणे. अशाच एका अजीजाला त्याने आपला मेहुणा करायचे ठरवले. अमीर सैफुद्दीन हा शाम देशचा, म्हणजे आजच्या सीरियाकडचा. तिथल्या वाळवंटी अरबांचे पुढारपण करणाऱ्या मुहन्ना घराण्यातला हा तरुण. सुलतानाने आपली बहीण फिरोझ खुंदा हिच्याशी त्याचा निकाह ठरवला आणि लग्नाच्या दिवसांत त्याच्या सोबतीला राहण्याची कामगिरी इब्न बतूतावर सोपवली. एक परदेशी नवरदेव आणि त्याला सांभाळणारा दुसरा परदेशी, असे हे लग्न झाले.

लाल महालाच्या दोन्ही चौकांवर मोठमोठे मांडव पडले. गाणारे, नाचणाऱ्या, आचारी, रोटी भाजणारे, मिठाई करणारे, पाणी देणारे, पानाचे विडे देणारे असा सगळा ताफा आला. पंधरा दिवस लोकांना जेवण चालू होते. इथवर हे कुठल्याही राजाच्या घरचे लग्न वाटेल. पण वधूला नेण्याच्या रात्रीच्या दोन रात्री आधी जे घडले ते वाचताना आम्ही थबकलो.

शाही जनान्यातल्या बेगमा त्या महालात आल्या. त्यांनी महाल सजवला आणि सैफुद्दीनला बोलावून मसनदीवर बसवले. त्याचे इथे कोणी नव्हते. ना आई, ना बहीण. तेव्हा सुलतानाने आधीच नेमणुका करून ठेवल्या होत्या. त्याचा भाऊ मुबारक खान याची आई, म्हणजे सुलतानाची सावत्र आई, हिने नवरदेवाच्या आईच्या जागी उभे राहायचे. एका बेगमेने बहिणीच्या जागी, एकीने फुफीच्या, एकीने खालाच्या. आपण आपल्याच माणसांत आहोत असे त्या परक्या मुलाला वाटावे, एवढ्यासाठी हे सगळे. मग त्या बायकांनी त्याच्या हातापायांना मेंदी लावली आणि बाकीच्या त्याच्यासमोर गात-नाचत राहिल्या.

यानंतर सुलतानाने काही सरदार वराकडचे आणि काही वधूकडचे म्हणून वाटून दिले. इब्न बतूता सांगतो, या लोकांची चाल अशी आहे की वधूच्या दालनाच्या दारात तिच्याकडचे लोक उभे राहतात. वराकडच्यांनी त्यांना हटवून आत शिरायचे. हटवता आले नाही तर हजारो दिनार देऊन वाट मोकळी करून घ्यायची. आजही बीडच्या एखाद्या मोहल्ल्यात दुल्हा दारात आला की साळ्या-मेहुण्या दार अडवून नेग मागतात. तिथे हजारो दिनारांऐवजी पाचशेच्या नोटेवरून घासाघीस होते, एवढाच फरक.

मग सेहऱ्याची वेळ आली. संध्याकाळी नवरदेवासाठी निळ्या रेशमाचा, जरीचा, जवाहिऱ्यांनी मढवलेला पोशाख आला. जवाहीर इतके की कापडाचा रंग दिसत नव्हता. तो त्याने घातला. पण चमेली आणि इतर सुवासिक फुलांचा एक मुकुट केला होता, त्याला चेहरा आणि छाती झाकणारी फुलांची झालर होती. तो डोक्यावर घ्यायला सैफुद्दीनने साफ नकार दिला. वाळवंटातला अरब तो. असले काही त्याने पाहिलेले नव्हते. इब्न बतूताने त्याची विनवणी केली, शपथ घातली, तेव्हा कुठे तो तयार झाला.

हे दृश्य डोळ्यांपुढे आणून पाहावे. सेहऱ्याला नाही म्हणणारा अरब आहे. 'घाल बाबा' म्हणून त्याच्या मिनतवाऱ्या करणारा माणूस शरीअत जाणणारा मगरिबी आलिम आहे. आणि सेहरा गुंफून आणणारे हिंदुस्थानी मुसलमान आहेत, ज्यांना त्यात वावगे काही वाटत नाही. आज जो वाद आपण नवा समजून घालतो त्यातली सगळी पात्रे तेव्हाच उभी होती. फक्त आलिम दुसऱ्या बाजूला होता.

कोणी म्हणेल, दरबारी माणूस तो, सुलतानाच्या मर्जीसाठी बोलला असेल. मर्जीचा धाक होताच, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण हा काझी रिवाजांपुढे मान तुकवणारा नव्हता. पुढे तो मालदीव बेटांवर काझी झाला तेव्हा जुम्याच्या नमाजला न येणाऱ्यांना त्याने फटके मारवले. तलाक झाल्यावरही बाई पूर्वीच्या नवऱ्याच्या घरी राहण्याची तिथली चाल त्याने बंद पाडली. बायकांनी अंगभर कपडे घालावेत म्हणून त्याने जंग जंग पछाडले. त्यात मात्र त्याला यश आले नाही. म्हणजे जिथे त्याला दीनला धक्का लागतो असे वाटले तिथे तो लोकांचा रोष पत्करून उभा राहिला. फुलांच्या सेहऱ्यात त्याला तसे काही वाटले नाही.

सेहरा बांधून सैफुद्दीन घोड्यावर बसला. सोबत्यांच्या हाती काठ्या होत्या. जनान्याच्या दाराशी वधूकडचे लोक वाट अडवून उभे होते. दुल्ह्याने अस्सल अरबी पद्धतीने हल्ला चढवला आणि समोर येईल त्याला आडवे केले. सुलतानाला ही बातमी कळली तेव्हा तो खूश झाला. आत जवाहिरांनी मढवलेल्या उंच आसनावर वधू बसली होती, भोवती गाणाऱ्या स्त्रिया उभ्या होत्या. तो घोड्यावरूनच आसनापर्यंत गेला, उतरला, पहिल्या पायरीशी झुकून सलाम केला. ती उठून उभी राहिली. तो वर आल्यावर तिने स्वतःच्या हाताने त्याला पानाचा विडा दिला. तो तिच्या एक पायरी खाली बसला. सोन्याचे दिनार उधळले गेले. मग तिचा हात धरून तो खाली उतरला, ती पालखीत बसली आणि वरात त्याच्या घराकडे निघाली.

मेंदी, सेहरा, दार अडवणे, पान, निछावर, पालखी. यादी करून पाहिली तर आपल्या आजी-नानीच्या लग्नाचे वर्णन वाटते.

या कथेचा शेवट मात्र गोड नाही. लग्नाला वीसेक दिवस झाले असतील. सैफुद्दीन सुलतानाच्या वाड्यावर गेला. दारावरच्या अधिकाऱ्याने त्याला अडवले. त्याने ऐकले नाही, जबरदस्तीने आत शिरू लागला. अधिकाऱ्याने त्याचे केस धरून मागे ओढले, तेव्हा याने त्याला काठीने रक्त निघेपर्यंत मारले. तो अधिकारी मोठ्या घराण्यातला होता. सुलतानाने प्रकरण काझीपुढे पाठवले. परदेशी आहे म्हणून त्याला जिवे मारले नाही, पण कैदेत टाकले. सुलतानाच्या धाकाने त्याच्या बायकोने अंथरूणही पाठवले नाही. पुढे त्याला हद्दपार करण्याचेही घाटत होते. अखेर दरबारी रीतभात शिकण्यासाठी त्याला एका सरदाराच्या हवाली केले गेले आणि पुष्कळ काळाने त्याचा मान त्याला परत मिळाला.

या माणसाची आम्हांला कीव येते. वीस दिवसांपूर्वी एका दारातल्या लोकांना त्याने आडवे केले तर शाबासकी मिळाली. दुसऱ्या दारात तेच केले तर बेडी. पहिले दार रस्मेचे होते आणि दुसरे खरोखरीचे, हे त्याला कोणी समजावले नव्हते. तिथे वाढलेल्या माणसाला ते न सांगता कळते. ज्याला कळत नाही तो परका. त्या लग्नात परका होता तो अरब. हिंदुस्थानी मुसलमान घरचे यजमान होते. आज ज्यांना 'तुम्ही मूळचे कुठले?' असा प्रश्न ऐकावा लागतो, आणि आमच्यापैकी कोणाला तो ऐकावा लागला नाही, त्यांनी ही गोष्ट आपल्या मुलांना जरूर सांगावी. जवळजवळ सातशे वर्षांपूर्वी एका अरबाला आपले लग्न परके वाटले होते.

इब्न बतूता दिल्लीत थांबला नाही. १३४२ मध्ये दक्षिणेकडे निघाल्यावर तो दौलताबादला आला आणि तिथून नंदुरबारला गेला. मराठ्यांच्या मुलखातला हा पाहुणा इथल्याही विवाहरीतीची नोंद करतो. इथले प्रतिष्ठित लोक भात, भाजी आणि तिळाचे तेल खातात, जेवणापूर्वी काटेकोरपणे अंग धुतात आणि सात पिढ्यांचे अंतर असल्याखेरीज नात्यात लग्न करत नाहीत, असे तो लिहितो. त्याला यात नवल वाटले असणार, कारण चुलत-मामेभावंडांत सोयरीक होणे त्याच्या समाजात नित्याचे. पण त्याने त्यावर नाक मुरडलेले नाही. पाहिले तसे सांगितले आणि पुढे गेला. आज गावात एकमेकांच्या सोयरिकींची कुचेष्टा होते, तिथे हा संयम शिकण्याजोगा आहे.

त्याच्यानंतरही परदेशी पाहुणे आपली लग्ने पाहत आले. थेव्हेनो हा फ्रेंच प्रवासी १६६६ मध्ये सुरतेत होता. तिथल्या सुभेदाराच्या मुलीच्या लग्नाची थाटाची वरात त्याने पाहून लिहून ठेवली, आणि मग तो औरंगाबादवरून गोवळकोंड्याकडे गेला. पण तो रस्त्यावर उभा राहून पाहणारा. फॅनी पार्क्स ही इंग्रज बाई मार्च १८३५ मध्ये उत्तरेत कासगंजला कर्नल गार्डनर यांच्या नातीच्या लग्नाला होती. नवरदेव दिल्लीच्या मुघल घराण्यातला शहजादा. बाई असल्यामुळे तिला जनान्यात प्रवेश मिळाला आणि पुरुष प्रवाशांना न दिसणारी आतली बाजू तिच्या पुस्तकात आली.

आमच्या दक्खनचे चित्र मात्र परदेशी पाहुण्याने काढलेले नाही. ते एका दक्खनी मुसलमानाने परदेशी माणसासाठी काढले. एलुरूचे जाफर शरीफ यांनी हर्क्लॉट्स या डॉक्टरच्या सांगण्यावरून दक्खनच्या मुसलमानांच्या चालीरीती लिहून काढल्या. 'कानून-ए-इस्लाम' या नावाने त्याचा इंग्रजी अनुवाद १८३२ मध्ये लंडनला छापला गेला. त्यात चोर हळद आहे, सांचक आहे, मेंदी आहे, रात्रीची वरात आहे, आरशात एकमेकांचे तोंड पाहण्याचा जलवा आहे, कंगन सोडणे आहे. निजामाच्या राज्यातल्या आपल्या बीडमध्येही वडीलधाऱ्यांच्या तोंडी हेच शब्द होते. पुस्तकाचे नाव 'कानून-ए-इस्लाम' आणि आत बहुतेक जागा अशा रिवाजांनी भरलेली, जे कुठल्याही फिकहच्या किताबात सापडणार नाहीत. जाफर शरीफ यांना त्यात विसंगती वाटली नाही.

या रस्मा आणि शेजाऱ्यांच्या रस्मा यांत साम्य आहे, हे तर उघड आहे. आपला सेहरा आणि त्यांच्या मुंडावळ्या बहिणी-बहिणी आहेत. आपल्याकडे दारात नेग मागतात, त्यांच्याकडे नवरीचा भाऊ कानपिळी करून मानपान घेतो. हळद तर दोन्हीकडे. शेकडो वर्षे एका गल्लीत राहिलेल्यांची लग्ने एकमेकांसारखी होणारच. निकाह मात्र आपला आपण ठेवला. इजाब-कबूल, दोन गवाह, मेहर, खुतबा यांत कोणी ढवळाढवळ केली नाही. निकाह दीनचा आणि भोवतालचा मांडव इथला, अशी वाटणी आपल्या पूर्वजांनी न बोलता करून ठेवली होती.

मग रिवाजांवर टीका करणारे सगळे चुकीचे का? तसे आम्ही म्हणणार नाही. मौलाना अशरफ अली थानवी यांनी 'बहिश्ती जेवर'मध्ये शादीच्या रस्मांवर कोरडे ओढले. त्यांचा मोठा राग उधळपट्टीवर, कर्ज काढून केलेल्या दिखाव्यावर होता. तो राग खरा होता. गंमत अशी की तेच 'बहिश्ती जेवर' आपण मुलीला जहेजमध्ये देतो. फ्रिज, कपाट, दिवाण, मोटारसायकल आणि वर ती किताब.

इब्न बतूताच्या ग्रंथातही ही दुसरी बाजू आहे. ज्या लेखणीने उधळलेल्या दिनारांचे वर्णन केले त्याच लेखणीने त्याच राज्यातला दुष्काळ लिहिला. दिल्लीबाहेर त्याने तीन बायका पाहिल्या. काही महिन्यांपूर्वी मेलेल्या घोड्याचे कातडे कापून त्या खात होत्या. दुआबातल्या शेतकऱ्यावर सुलतानाने वाढवलेला सारा आणि त्यामागून आलेला दुष्काळ इतिहासात प्रसिद्ध आहे. पंधरा दिवसांच्या जेवणावळी कोणाच्या घामातून उठल्या, हे वेगळे सांगायला नको.

बीडला दुष्काळ समजावून सांगावा लागत नाही. १९७२ चा पाहिलेली माणसे आपल्यात आहेत, २०१६ मध्ये टँकरमागे धावलेली मुले तर आमच्या वर्गात बसून गेली. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला निघणाऱ्या गाड्यांत आपल्याही वस्तीतली कुटुंबे असतात. मुलीच्या लग्नासाठी उचल घेतलेला बाप पुढची किती हंगामे कोयता चालवून ती फेडत राहतो. त्याला कर्जात बुडवते ते काय असते? शंभर-दोनशे रुपयांचा मोगऱ्याचा सेहरा नव्हे. मेंदीचा कोन नव्हे. त्याला बुडवते ती 'जोडे की रकम', जी दक्खनभर मुलाकडचे रोख मोजून घेतात आणि जिचे नाव निकाहनाम्यावर कधी येत नाही. हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा आहे. कुरआनने तर मेहर नवऱ्याने बायकोला खुशीने द्यायला सांगितले आहे. आपण देण्याची दिशाच उलटी केली. मेहर उधार ठेवतो आणि जोडा रोख घेतो.

सैफुद्दीनच्या लग्नात पैसा कुठून कुठे गेला ते पाहा. दारात हरले तर वराकडच्यांनी वधूकडच्यांना द्यायचे. दुसऱ्या दिवशी वधूकडून वराच्या सोबत्यांना कपडे आणि नाणी गेली, सुलतानाने घोडे दिले. उधळपट्टी होती, आणि ती रयतेच्या जिवावर होती. पण मुलाच्या बाजूने मागणी केल्याचा एक शब्द त्या हकीकतीत नाही. मालदीवबद्दल तर इब्न बतूता मुद्दाम सांगतो की तिथे मेहर थोडे असल्यामुळे लग्न करणे सोपे आहे.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच आहे की फतव्याची तोफ कुठे लावायची याचा विचार व्हावा. आज ती गरिबाच्या हळदीवर आणि सेहऱ्यावर लागते, कारण ते उघड्यावर असते. जोडे की रकम बंद खोलीत मोजली जाते, तिथे दुआ मागून सगळे उठतात. ज्या मशिदीतून सेहऱ्याविरुद्ध बयान होते त्याच मशिदीतून एखाद्या जुम्याला, 'जोडा घेतलेल्या निकाहला आम्ही येणार नाही' असे जाहीर व्हावे. पाच-सहा इमामांनी आणि जमातीच्या चार वजनदार माणसांनी मनावर घेतले तर एका हंगामात फरक दिसेल.

आणि एक रस्म पुन्हा सुरू करावी असे आम्हांला वाटते. त्या लग्नात दिनारांपेक्षा आमच्या मनात राहिल्या त्या मसनदीभोवतीच्या चार बेगमा, परक्या मुलाची आई, बहीण, फुफी आणि खाला झालेल्या. आपल्या जिल्ह्यात आता सामुदायिक निकाह होतात. त्यांत यतीम मुली असतात, कामानिमित्त बिहार-उत्तर प्रदेशातून येऊन इथेच राहिलेले तरुण असतात, ज्यांच्या बाजूने उभे राहायला दोन माणसे नसतात. मंडपात खुर्च्या, भांडी आणि जेवण यांची व्यवस्था होते. दालचा-खाना असतो, हिंदू शेजाऱ्यांसाठी वेगळ्या आचाऱ्याचा स्वयंपाकही असतो. त्याच यादीत आणखी एक ओळ घालता येईल. या मुलाच्या आईच्या जागी कोण, या मुलीच्या बापाच्या जागी कोण, हे आधी ठरवून त्या माणसांची नावे लिहून ठेवावीत. निकाहच्या दिवसापुरती नव्हे. ईदला त्या घरी जायचे, पहिल्या बाळंतपणाला विचारपूस करायची, नवरा-बायकोचे भांडण झाले तर मध्ये पडायचे, एवढी जबाबदारी त्या नावांबरोबर यावी. सैफुद्दीनला कैदेच्या रात्री नेमके हेच मिळाले नव्हते. त्याच्या चारही नेमलेल्या नातेवाइकांपैकी कोणी त्याच्यासाठी रदबदली केल्याची नोंद नाही.